घराला हात आपलाही!

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. लग्न आमचं थोरामोठ्यांनी करून दिलं. त्यात आम्हाला फक्त उभं राहायचं होतं. घर मात्र आमचं आम्हालाच बांधायचं होतं, आणि तेव्हा कळलं की ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने नक्की स्वतः घर बांधलेलं असणार!

बार्शीच्या बाजूला आमचं गाव. आमचे ‘हे’ एसटीत कंडक्टर, आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी ड्युटी. मी पतसंस्थेत कारकून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटा ओटा, एवढंच स्वप्न. एका ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, ‘‘काही बघायचं नाही वहिनी, थेट किल्ली हातात देतो.’’ पण त्याचा आकडा ऐकला आणि किल्लीच नको वाटायला लागली. बँकेचं कर्ज, यांच्या सोसायटीचे पैसे सगळं मिळवूनही कमीच पडत होतं. शेवटी सासूबाईंनी कपाटातून आपल्या पाटल्या काढून पुढ्यात ठेवल्या. ‘‘परत करा असं मी म्हणणार नाही. पण भिंतीला तडा गेला ना, तर मात्र विचारीन हं!’’

त्या दिवशी आम्ही ठरवलं, माल आपण आणायचा, मजुरी मिस्त्रीला द्यायची, नकाशा आणि लोखंडाचं गणित इंजिनिअरकडून करून घ्यायचं आणि जे जे आपल्या हाताने होण्यासारखं आहे ते आपण करायचं. पण आपल्या हाताने नेमकं काय होण्यासारखं असतं? हे मात्र कुणी नीट सांगेना. पुरुषमाणसं म्हणायची, ‘‘तुम्ही चहा द्या, बाकी आम्ही बघतो.’’ बायका म्हणायच्या, ‘‘आपल्याला काय कळतंय त्यातलं!’’

आता राहायला येऊन बरेच दिवस झाले. चुकत, शिकत जे कळलं ते सांगते. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच!

हिशेबाची वही आणि टेप

घराचं पहिलं काम हातात घमेलं घेऊन नाही, वही घेऊन करायचं असतं. आपण घरखर्च लिहितो तसंच. किती माल आला, कधी आला, कुणी उतरवला, पैसे किती दिले, हजेरी किती. रोज रात्री लिहायचं. महिन्याच्या शेवटी आठवून लिहू म्हणाल तर दोन ट्रॉल्या कुठे गेल्या ते आयुष्यभर कळत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे मोजायचा टेप. वाळू, खडी, मुरूम ब्रासवर मिळतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली दारात आली की लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजायची, गुणाकार करायचा आणि शंभराने भागायचं. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल २ फूट उंच असेल तर १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास. मी पहिल्यांदा टेप घेऊन ट्रॉलीवर चढले तेव्हा ड्रायव्हर हसला. पुढच्या खेपेला मात्र त्यानेच विचारलं, ‘‘वहिनी, मोजणार का?’’ त्या खेपेपासून माल शिगेपर्यंत भरून यायला लागला!

पायाची आखणी मिस्त्रीच करतो, पण ती तपासता आपल्यालाही येते. खोलीचे समोरासमोरचे दोन्ही कोपरे तिरपे मोजायचे. दोन्ही मापं सारखी आली तर खोली काटकोनात. एका खोलीत आमचा दोन इंचांचा फरक निघाला. चुन्याची फक्की पुसून परत मारायला दहा मिनिटं लागली. भिंत उभी राहिल्यावर कळलं असतं तर? फरशी बसवताना जन्मभराची तिरकी पट्टी!

वाळू बरणीत, वीट बादलीत

मालाची पारख करायला प्रयोगशाळा लागते असं मला वाटायचं. बरीचशी पारख स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी होते.

लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या. निम्मी वाळूने भरा, वर पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीन तास तशीच ठेवा. वाळू खाली बसते आणि तिच्यावर मातीचा गाळ वेगळा दिसतो. वाळूचा थर १० सेंटीमीटर असेल तर गाळ ८ मिलीमीटरच्या आत हवा. आमच्या पहिल्या ट्रॉलीचा गाळ बोटभर निघाला. ती वाळू परत पाठवली. अशी मातकट वाळू सिमेंटला धरूच देत नाही.

विटेचं असंच. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. एक कोरडी वीट वजन करून चोवीस तास बादलीत बुडवून ठेवायची आणि परत वजन करायचं. पाणी पिऊन वजन वाढतंच, पण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढू नये. म्हणजे तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहायला हवी.

सिमेंटच्या गोणीवर तयार केल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचायचं. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट घ्यायचं नाही. घरात ठेवताना जमिनीवर नको, फळ्यांवर आणि भिंतीपासून लांब ठेवायचं. गोणी ५० किलोची असते. उचलायचा हट्ट आपण करू नये, कंबर एकच असते!

लोखंडाची गंमत तर मला फार आवडली. सळईची जाडी मिलीमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं. येतं ते एका मीटरचं वजन किलोत. बारा मीटरची एक सळई धरली तर ८ मिलीमीटरची पावणेपाच किलोच्या आसपास, १० ची साधारण ७.४ आणि १२ ची साधारण १०.७ किलो भरते. थोडा फरक चालतो. पण सळया मोजून गुणाकार केला आणि काट्याच्या पावतीवर भलतंच वजन दिसलं, तर विचारायला तोंड उघडायचं. गणितात मी शाळेत कधीच हुशार नव्हते. पण आपल्या पैशांचं गणित असलं की बरोबर सुटतं!

पाणी मारणं : हक्काचं काम

आता खरं हाताचं काम. ज्याला मिस्त्री लोक ‘पाणी मारणं’ म्हणतात ते. घरमालकाने करण्यासारखं याहून मोलाचं काम नाही आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. कारण मिस्त्रीची माणसं संध्याकाळी घरी जातात. रविवारी येत नाहीत. सिमेंटला मात्र रविवार नसतो.

मला वाटायचं, सिमेंट वाळलं की घट्ट होतं. तसं नाही. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं. सुरुवातीचे दिवस त्याला ओलावा मिळाला नाही तर वरून टणक दिसतं, पण आत ताकद येत नाही आणि बारीक चिरा पडतात. साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला निदान दहा दिवस काँक्रीट ओलं राहायला हवं. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसांत अनुक्रमे दहा आणि चौदा दिवस. गोणीवर कोणतं सिमेंट ते लिहिलेलं असतं.

हे मला पुस्तकाने नाही, आमच्याकडे बिगारी काम करणाऱ्या मावशींनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी पाइप धरून खांबांवर पाणी उडवत होते. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, हे तर तुम्ही तुळशीला पाणी घालताय. आपल्याकडचं ऊन बघा, तासाभरात कोरडं होईल.’’ मग त्यांनी जुनी गोणपाटं खांबांना गुंडाळून सुतळीने बांधली आणि ती भिजवली. पाणी कमी लागलं आणि खांब दिवसभर ओला राहिला. स्लॅबवर कडेने आणि मधे मधे मातीचे बांध घालून वाफे केले आणि त्यात पाणी तुंबवून ठेवलं. अगदी मेथीचे वाफे करतो तसेच! आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी येतं तेही दिवसाआड, तेव्हा ही युक्ती नसती तर टँकरनेच आम्हाला बुडवलं असतं. एक लक्षात ठेवा, कपडे धुतलेलं साबणाचं किंवा खारं पाणी बांधकामाला वापरायचं नाही. खाऱ्या पाण्याने आतलं लोखंड गंजतं.

मावशींनी वीस वर्षं घमेलं वाहिलं, पण त्यांच्या हातात कुणी थापी दिली नाही. त्यांची हजेरी मिस्त्रीच्या निम्मीसुद्धा नव्हती. मी मनाशी म्हटलं, घरच्या माणसांनी काम करून पैसे वाचवायचे ते ठीक, पण या बाईची हजेरी बुडवून नाही. म्हणून पाणी मारायचं, विटा भिजवायच्या, वाळू चाळायची ती घरच्यांनी, आणि त्यांना रोज पूर्ण कामावर ठेवायचं, असं आम्ही मिस्त्रींना सांगूनच टाकलं.

जोत्यातला भरावही घरच्यांनी केला. दीर आणि मुलं मुरूम टाकायची, साधारण सहा इंचांचा थर झाला की पाणी शिंपडून धुम्मसने ठोकायचं, मग दुसरा थर. एकदम सगळा भरून वरून ठोकलं तर आत पोकळ राहतं आणि वर्षभराने फरशी खचते. तीन रविवार लागले. पोरांचे हात सोलले, पण ‘हा कोपरा माझा’ म्हणून ती अजून दाखवतात.

स्लॅबचा दिवस

स्लॅबचं काम आपलं नाही. तिथे हात घालायचा नाही. पण डोळे घालायचे! आदल्या दिवशी इंजिनिअरला बोलावून सळया दाखवल्याशिवाय स्लॅब घालू द्यायचा नाही. सळया फळ्यांना टेकलेल्या नकोत, त्यांच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे हवेत, म्हणजे लोखंड काँक्रीटच्या पोटात नीट झाकलं जातं.

त्या दिवशी माझी जागा मिक्सरजवळ होती. वहीत गोण्यांची फुली मारायची आणि पाण्यावर लक्ष ठेवायचं. आमच्या इंजिनिअरने सांगितलं होतं, एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी. दुपारी ऊन चढलं तशी पोरं थकली आणि एक बादली जास्तीची पडायला लागली. काँक्रीट पातळ झालं की पसरायला सोपं जातं ना! पण आमटीत पाणी वाढवलं की चव जाते, तशी काँक्रीटमध्ये पाणी वाढवलं की ताकद जाते. मी ‘नको’ म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा बादली माझ्याच हातात घेतली. मग मिस्त्री हसत म्हणाले, ‘‘वहिनी, आता पाणी तुमच्याच हिशेबाने!’’

पाचव्या दिवशीचे टेकू

खरी परीक्षा पुढेच होती. स्लॅबला पाच दिवस झाले होते. हे मुक्कामी ड्युटीवर. संध्याकाळी कामावरून आले तर मिस्त्रींचा टेम्पो दारात आणि दोन पोरं आतून टेकू ठोकून सैल करतायत. दुसऱ्या साइटवर उद्या स्लॅब होता, त्यांना सेंट्रिंगचं सामान हवं होतं.

माझ्या पायातलं बळच गेलं. मी स्लॅबच्या कडेला विटेच्या तुकड्याने तारीख लिहून ठेवली होती. इंजिनिअरनेच सांगितलं होतं, साधारण पंधरा फुटांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान सात दिवस आणि तुळयांचे निदान चौदा दिवस हलवायचे नाहीत. त्याहून मोठे गाळे असतील तर आणखी जास्त. मी म्हटलं, ‘‘मिस्त्री, टेकू निघणार नाहीत.’’

‘‘अहो वहिनी, तीस वर्षं झाली मला या धंद्यात. काही होत नाही.’’

‘‘तुमचा अनुभव मोठा आहे, मी नाही म्हणत नाही. पण या स्लॅबखाली माझी पोरं झोपणार आहेत. इंजिनिअर ‘काढा’ म्हणाले की काढा. भाड्याचे जास्तीचे दिवस मी देते.’’

सासूबाई काही न बोलता आत जाऊन टेकूच्या शेजारी विटांच्या ढिगावर बसल्या. सत्तरीची बाई! त्यांना ‘उठा’ म्हणायची कुणाची छाती? टेम्पो रिकामा गेला. सैल केलेले दोन टेकू इंजिनिअरला फोन करून त्याच रात्री त्याच्यादेखत परत घट्ट करून घेतले. मिस्त्री दोन दिवस फुरंगटले, तिसऱ्या दिवशी आले. सामानाच्या भाड्याचे जास्तीचे पैसे गेले, पण त्या पैशांची मला आजवर हळहळ वाटली नाही.

रंगाची घाई

सगळंच काही शहाणपणाने केलं असं नाही हं! रंगकाम आपण करू शकतो हे खरं. पॉलिश पेपरने भिंत घासायची, नाक-तोंड रुमालाने बांधायचं, प्रायमरचा हात मारायचा, मग रंगाचे दोन हात. खोलीच्या आतून, घोड्यावर उभं राहून हे जमतं. आमच्या घरातलं सगळं आतलं रंगकाम मी, जाऊबाई आणि मुलीने केलं.

पण गणपतीच्या आधी घरात जायचंच, असा मी हट्ट धरला. श्रावणाचे दिवस, गिलावा आतून ओला. मिस्त्री नको म्हणत होते. यावेळी त्यांचं मी ऐकलं नाही! दिवाळीपर्यंत मधल्या खोलीच्या भिंतीवर पापुद्रे सुटले. सगळं खरवडून पुन्हा रंगवावं लागलं. दुप्पट रंग आणि दुप्पट कष्ट. आपण माहितीच्या जोरावर दुसऱ्याला अडवतो, तसं दुसऱ्याच्या अनुभवाने आपणही अडायला शिकलं पाहिजे.

फरशीचे सांधे भरणं, दारं-खिडक्यांना पॉलिश करणं, अंगणात झाडं लावणं हीदेखील आपली कामं. आणि गिलावा करण्याआधी भिंतीतल्या नळाच्या आणि विजेच्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना देवाचं नाव घ्यावं लागत नाही. बाथरूमची फरशी झाली की एक बादली पाणी ओतून बघा. सगळं पाणी जाळीकडे गेलं तरच मजुरीचा शेवटचा हप्ता द्या.

इथे मात्र हात नको

पाया, खांब, तुळया, स्लॅब यांचं लोखंड आणि सेंट्रिंग यात घरचा प्रयोग नको. विजेचे पॉइंट कुठे हवेत ते आपण खडूने भिंतीवर लिहावं, कारण मिक्सर कुठे लावायचा ते आपल्यालाच माहीत. पण वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर बसवल्याची खात्री करावी. खोल खड्ड्यात उतरू नये, कडा ढासळते. बाहेरच्या उंच भिंतींना परांचीवर चढून रंग देऊ नये. आणि संडासाच्या जुन्या टाकीत तर कुणीही, कुठल्याही कारणाने उतरू नये. आतल्या वायूने माणूस क्षणात जातो.

बायकांना कळत नाही म्हणता?

आमच्या शेजारच्या जिल्ह्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. पुढे जी घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, त्याचं काम सरकारने घरमालकांच्याच हाती दिलं. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीत आरपार दगड कसा घालायचा, भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा कुठे हवा, पैसे कसे आणि कशावर खर्च झाले, हे त्या शिकल्या आणि घरोघरी जाऊन सांगू लागल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा याच बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गेल्या!

आणि जुन्या काळी तरी काय? भिंती पुरुषांनी घातल्या, पण भुई चोपणं, सारवणं, भिंतींना पांढरी माती लावणं हे आपल्या आज्या-पणज्यांनीच केलं ना? सिमेंट आलं आणि आपण घराच्या कामातून बाहेर पडून चहाच्या ट्रेपाशी येऊन थांबलो, एवढंच. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलातही घर ठेकेदाराने नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं, आणि घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे करण्यावर भर असतो. नाव आपलं असेल तर लक्षही आपलंच हवं!

परवा सासूबाई हातात काठी घेऊन घरभर फिरत होत्या. प्रत्येक भिंतीपाशी थांबून वर-खाली बघत होत्या. मी विचारलं, ‘‘काय शोधताय?’’ म्हणाल्या, ‘‘तडा.’’ मग ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘नाही सापडला बाई. चहा टाक.’’

चहा टाकला. या वेळी अगदी आनंदाने!

घर बांधणाऱ्या मैत्रिणींसाठी

घरच्यांनी करावं : हिशेब आणि हजेरी, माल मोजणं व पारखणं, वाळू चाळणं, विटा भिजवणं, जोत्याचा भराव, पाणी मारणं, आतलं रंगकाम, सांधे भरणं, बाग.

समोर उभं राहून करून घ्यावं : आखणी, सळया बांधणं, स्लॅब, नळाचे पाइप, बाथरूमचा उतार, गच्चीत पाणी साठवून गळती तपासणं.

जाणकारावरच सोपवावं : नकाशा आणि परवानगी, पाया व लोखंडाचं गणित, सेंट्रिंग, वायरिंग, खोल खोदकाम, उंचावरची कामं.

रोज करावं : वहीत लिहिणं, आणि काँक्रीट केलं त्या दिवसाची तारीख भिंतीवर टाकणं.